फ्रिजवरचे पंधरा शब्द

माझ्या हातून चूक जात नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही, बातमी म्हणून सांगतो.

मी ज्या दैनिकात काम करतो, त्याच्या दुसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात 'दुरुस्ती' नावाची एक छोटी चौकट असते. काल एका कवीचं वय चुकून एकशे बावन्न छापलं गेलं, ते बावन्न असं वाचावं. परवाच्या छायाचित्रात फीत कापणारे गृहस्थ महापौर नसून त्यांचे ड्रायव्हर आहेत, वगैरे. तेवीस वर्षं ही चौकट माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी सहाच्या आत, चार ओळींत, दुसऱ्यांच्या चुका! माझ्या स्वतःच्या चुकीसाठी मात्र ती एकदाही वापरावी लागलेली नाही. ऑफिसात मला सगळे 'दुरुस्ती' याच नावाने हाक मारतात. माझं खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकाला माहीत असावं.

तर असा हा मी, वजन एकशे अडतीस किलो आठशे ग्रॅम. (लोक आठशे ग्रॅम गाळतात. मी गाळत नाही.) जिना चढताना मी दुसऱ्या मजल्यावर पोहोचायचो आणि माझा श्वास पहिल्यावर राहायचा. साखर वाढलेली, गुडघे रुसलेले. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं.

"पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा," ते म्हणाले, "केळ्याएवढं उरेल. आणि गंमत म्हणजे, भूक लागल्याचा निरोप मेंदूला पोहोचवणारं रसायन बरंचसं त्या काढलेल्या भागातच तयार होतं. म्हणजे पोट तर लहान होतंच, शिवाय निरोप्याही कामावरून जातो!"

"आणि साखर?"

"तीही उतरते बऱ्याच जणांची. शरीर अन्न वापरतं कसं, साठवतं कसं, ते सगळंच बदलतं. आणखी एक, काही जणांची स्मरणशक्तीही ऑपरेशननंतर सुधारलेली दिसली आहे. सगळ्यांची नाही हं. का सुधारते, तेही नीट कळलेलं नाही. आमच्या मेंदूच्या डॉक्टर त्याच्यावरच अभ्यास करताहेत."

'काही जणांची' आणि 'नीट कळलेलं नाही' हे शब्द दुसऱ्या कुणाच्या बातमीत असते, तर मी त्यांच्याखाली लाल रेघ मारली असती. पण बातमी माझी होती! घरी येऊन मी जाहीर केलं, "पोट कमी, डोकं जास्त!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे तुमचा चष्मा कुठे आहे हे यापुढे मला विचारणार नाही?"

"मुळीच नाही!"

"मग आजच करा ऑपरेशन."

तेवीस वर्षं जगाच्या चुका पकडणारा हा माणूस घरात मात्र छत्री, किल्ल्या, चष्मा आणि क्वचित सासूबाई विसरतो, असं तिचं म्हणणं. (सासूबाई एकदाच विसरलो. दाताच्या दवाखान्यात. आणि चाळीस मिनिटांत परत आणल्या.)

ऑपरेशनच्या आधी चौदा दिवस नुसतं पातळ प्यायचं असतं. तेराव्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी मला चाचणीला बोलावलं. तिशीच्या आतबाहेरची, बारीक चणीची, डोळ्यांखाली अभ्यासाची वर्तुळं असलेली मुलगी.

"काका, माझ्या अभ्यासात फक्त अकरा पेशंट आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षांची मेहनत आहे. एक आकडा चुकला तरी सगळं बिघडेल."

"चूक आणि मी? निश्चिंत राहा!"

तिने पंधरा शब्द सावकाश वाचून दाखवले. "आता आठवतील तेवढे सांगा."

मी डोळे मिटले. तेरा दिवस भाजीचं पाणी प्यायलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांपुढे जे येतं तेच आलं. "पाव. अंडं. लोणी. सफरचंद. चमचा."

"छान. अजून?"

"बदक."

बदक माझ्या लक्षात कशासाठी राहिलं, ते विचारू नका.

"अजून एखादा?"

"बिस्कीट!"

"बिस्कीट नव्हतं, काका."

"नसेल. पण हवं होतं."

पंधरापैकी सहा! तिने कागदावर सहाचा आकडा लिहिला, आणि इथेच माझा धंदा आडवा आला. तरुणपणी मी वार्ताहर होतो. साहेबलोक टेबलापलीकडे बसून 'सांगण्यासारखं काही नाही' म्हणत, तेव्हा त्यांच्या पुढ्यातला कागद आम्ही समोरून उलटा वाचायचो. ती सवय डोळ्यांतून अजून गेलेली नाही. तिने आकडा लिहून पेन खाली ठेवेपर्यंत माझी अख्खी यादी वाचून झाली होती. दुसरी सवय, वाचलं की टिपून ठेवायचं. बाहेर बाकावर बसून मी वहीत पंधराही शब्द उतरवले. त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. हात आपोआप चालला.

ऑपरेशन झालं. घरी जायला कपडे चढवत होतो, तेव्हा पोटाचे डॉक्टर बायकोला खिडकीपाशी घेऊन काहीतरी समजावत होते. ती मान डोलवत होती, चेहरा गंभीर. त्यांनी तिच्या हातात एक छापील पत्रक दिलं. सूपबीप कसं करायचं ते असणार, असं मी धरून चाललो. दुसरा कुणी असं धरून चालला असता, तर मी त्याला दोन प्रश्न विचारले असते!

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी माझी वही बायकोच्या हाती लागली.

"हे हो काय? चमचा, पाव, घंटा...?"

मी सांगितलं. ती दोन मिनिटं यादीकडे बघत राहिली. मग तिने ते पान फाडलं आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात परेड! मी फ्रिजकडे पाठ करून उभा. बायकोच्या एका हातात जीवनसत्त्वांच्या गोळ्या, दुसऱ्या हातात औषधाच्या कपाएवढं पाणी.

"म्हणा."

"चमचा, पाव, घंटा, अंडं, खिडकी, बदक, लोणी, टोपी, पूल, सफरचंद, दिवा, शिडी, साबण, ढग, कात्री!"

पंधरावा शब्द आला की ती एक लांब श्वास सोडायची. मग गोळ्या, मग पाणी. सासूबाई टेबलाशी बसून लोकर विणायच्या आणि म्हणायच्या, "आज बदक जरा घाईत गेलं, जावईबापू."

मला वाटलं, पुढच्या चाचणीत नवऱ्याचा पहिला नंबर यावा, अशी हिची जिद्द! मनातून मी फुलून गेलो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर बायकोला आपल्याकडून एखादी आशा आहे, हे कळणं म्हणजे जुन्या कोटाच्या खिशात पत्र सापडण्यासारखं.

सहाव्या आठवड्यात मी एक थट्टा केली. "...शिडी, साबण, कात्री," असं म्हणून थांबलो. ढग गाळला!

बायको खुर्चीवर मटकन बसली. "पुन्हा म्हणा."

"शिडी, साबण, कात्री."

"आज वार कोणता?"

"हा काय प्रश्न झाला?"

"वार सांगा!"

मी हसत 'ढग' म्हणेपर्यंत हॉस्पिटलचा नंबर लागलाही होता. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, स्पर्धा इतकीही मनाला लावून घेऊ नये माणसाने!

एव्हाना मी तीस किलो उतरलो होतो. चरबीची गोधडी गेल्यामुळे भर दुपारी ऑफिसात थंडी वाजायची आणि मी मफलर गुंडाळून दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायचो. ज्या मिठाईसाठी मी एकेकाळी उड्या मारल्या असत्या (मारता आल्या असत्या तर), ती आता नुसती गोड लागायची. निरोप्या खरंच नोकरी सोडून गेला होता!

तिसरा महिना भरला. दुसरी चाचणी. मी असा ऐटीत गेलो, की जणू उत्तरपत्रिका घरूनच लिहून आणलीय. मेंदूच्या डॉक्टरांनी कागद उचलला. "काका, मी पंधरा शब्द वाचते." आणि वाचू लागल्या. मी ऐकण्याची तसदीच घेतली नाही. पाठ असलेलं काय ऐकायचं? मी खिडकीबाहेर एका माणसाला गाडी मागे घेताना बघत होतो. फार वाईट घेत होता.

"सांगा आता."

मी एका दमात म्हणून टाकलं. चमच्यापासून कात्रीपर्यंत! आणि निकालासाठी हात बांधून बसलो.

तिने आपल्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग फाइल मागे उलटू लागली. एक पान, दोन पानं, पाच पानं.

"काका... आजच्या यादीतला एकही शब्द नाही यात."

"काय?" माझ्या केळ्याएवढ्या पोटात केळ्याएवढाच गोळा आला.

"सराव होऊ नये म्हणून दर वेळी यादी वेगळी असते. हे शब्द तीन महिन्यांपूर्वीचे आहेत! तेव्हा तुम्हाला सहाच आठवले होते. आणि आज... पंधराच्या पंधरा? त्याच क्रमाने?" तिचे डोळे चक्क भरून आले होते. "म्हणजे शब्द आत साठलेले होते! पोटाकडून मेंदूला जाणारे संदेश बदलल्यावर वर आले!"

"बाई, त्याचं असं झालं..."

पण तिने फोन लावलाही होता. पोटाचे डॉक्टर धावत आले. "मी म्हणालो नव्हतो?" असं म्हणून त्यांनी माझ्या पोटावर थाप मारली, जशी एखादा कारागीर स्वतः बनवलेल्या खुर्चीवर मारतो. "शनिवारच्या सभेत यांना उभं करा! सगळे डॉक्टर येणार आहेत."

"मला एक सांगायचंय..." मी म्हणालो.

"शनिवारी सांगा! माइकवर सांगा!"

आता खरं सांगायचं तर तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण तेवीस वर्षं! एकही चूक नाही! आणि पहिली चूक कबूल करायची तीही मफलर गुंडाळून, दोन डॉक्टरांसमोर! तोंड उघडलं आणि मिटलं.

घरी येताच बायकोने विचारलं, "कशी झाली?"

"यादी नवी होती."

"मग? किती आठवले?"

"एकही नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. "एकही नाही?"

"अगं, मी ऐकलीच नाही ना!"

"ऐकू आली नाही?"

"आली! पण मी खिडकीतून गाडी बघत होतो."

"कसली गाडी?" तिने माझ्या कपाळाला हात लावला. "आज वार कोणता?"

मी चिडून बुधवार म्हणालो. मंगळवार होता. मी सांगतो, चिडल्यावर कुणाचाही वार चुकतो! पण ती काही न बोलता आत गेली आणि मला तिचा आवाज ऐकू आला, "आई, शनिवारी तूही चल. मला डॉक्टरांना गाठून विचारायचंय."

रात्रीपर्यंतही थांबलो नाही. लगेच मेंदूच्या डॉक्टरांना पत्र लिहायला बसलो. उलटा वाचलेला कागद, वही, फ्रिज, सगळं कबूल. दोन पानं झाली. दोन पानांची दुरुस्ती जगात कुणी छापत नाही! मी कापायला घेतलं. फ्रिज अनावश्यक, गेला. वही म्हणजे पुनरुक्ती, गेली. उलटा कागद मूळ मुद्द्याशी संबंधित नाही, गेला. शेवटी चार ओळींच्या आत बसलं ते असं: 'माझ्या चाचणीसंदर्भात काही तपशिलांत फरक संभवतो. कृपया नोंद घ्यावी.' पाठवलं.

उत्तर आलं: 'वजनाबद्दल म्हणता ना काका? किलोभर इकडेतिकडे चालतं! शनिवारी नक्की या. आईला पण बोलावलंय मी माझ्या.'

शनिवार उजाडला. हॉस्पिटलचं सभागृह गच्च भरलेलं. सगळ्या जगाला कमी खा म्हणून सांगणारे दीडशे डॉक्टर मागच्या टेबलावर सँडविचवर तुटून पडले होते. तिसऱ्या रांगेत माझी बायको, पत्रक घट्ट धरून. शेजारी सासूबाई, विणकामासकट. पडद्यावर मेंदूच्या डॉक्टरांचा तक्ता. अकरा उभ्या पट्ट्या. दहा पट्ट्या आपल्या बेताच्या उंचीच्या, आणि अकरावी अशी, की जणू चाळीच्या रांगेत कुणी मनोरा बांधलाय. तो मनोरा मी!

"काका, तेच शब्द आज पुन्हा म्हणाल?"

आता सांगावं! मी माइक धरला. दीडशे चेहरे. पहिल्या रांगेत एक बाई माझ्याकडे पाहून कौतुकाने हसत होत्या, नाकाच्या ठेवणीवरून त्या डॉक्टरीणबाईंच्या आई. माझा कबुलीजबाब राहिला बाजूला आणि सवयीने तोंडातून निघालं, "चमचा, पाव, घंटा, अंडं, खिडकी, बदक, लोणी, टोपी..."

आणि थांबलो. पुढचं काही आठवेना! पाठीमागे फ्रिज नव्हता, तो थंडावा नव्हता, लोकरीच्या सुयांची टकटक माइकपर्यंत येत नव्हती. डोकं साफ कोरं.

"टोपी..." मी पुन्हा म्हणालो.

"पूल!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. सासूबाई! सुयांवरून मानही वर केली नव्हती. "पूल, सफरचंद, दिवा, शिडी, साबण, ढग, कात्री. रोज तर म्हणता, जावईबापू!"

सभागृहात टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती. एक पांढऱ्या केसांचे बडे डॉक्टर चष्मा सावरत उठले. "आजी, तुमचं ऑपरेशन कधी झालं?"

"माझं? मोतीबिंदूचं. दोन वर्षं झाली."

"आणि हे शब्द?"

"आमच्या फ्रिजवर आहेत."

दीडशे माना माझ्याकडे वळल्या. मेंदूच्या डॉक्टरांच्या हातातली छडी तक्त्यावरच्या माझ्या मनोऱ्यावर तशीच टेकलेली. त्यांच्या आईचं हसू अर्ध्यावर अडकलेलं. त्या क्षणी मला कळलं, की ज्याची चौकट छापायची, त्या माणसाला ती वाचताना काय होत असेल.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. आणि या वेळी काही कापलं नाही. उलटा कागद, वही, फ्रिज, परेड, खिडकीबाहेरची गाडी. "चूक संपूर्णपणे माझी आहे. माझ्या बायकोला फक्त एवढंच वाटत होतं, की माझा पहिला नंबर यावा."

"काय?" बायको उभी राहिली. "पहिला नंबर? कुणाला हवाय तुमचा पहिला नंबर?"

"मग रोज सकाळी..."

तिने पत्रक वर धरलं. आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत गेला. "यात लिहिलंय, ऑपरेशननंतर एखादं जीवनसत्त्व कमी पडलं तर माणूस गोंधळतो, विसरायला लागतो, ताबडतोब घेऊन या. अहो, पण हे तर आधीपासूनच विसरतात! चष्मा साखरेच्या डब्यात ठेवतात, माझ्या आईला दवाखान्यात विसरून येतात! मला कसं कळणार, नेहमीचं विसरणं कुठलं आणि आजारातलं कुठलं? म्हणून ही यादी. पंधरा शब्द आले, की माझ्या जिवाला घोर नाही. एक दिवस ढग आला नाही, तर माझे हातपाय गळाले होते!"

सासूबाईंच्या सुयाही थांबल्या.

मेंदूच्या डॉक्टर टेबलाकडे वळल्या. मग त्यांनी समोरचा कागद ओढला आणि माझ्या नावावर सरळ काट मारली. "अकराऐवजी दहा," त्या माइकवर म्हणाल्या. खाली मान घालून आकडेमोड केली. "दहा जणांची सरासरीही वर गेलेली आहे. थोडीच. पण ती खरी आहे." मग माझ्याकडे वळून, माइक बाजूला करून, "काका, तुमचा मला खूप राग आलाय."

"यायलाच हवा," मी म्हणालो.

"आणि काकू, तुमची ती सकाळची पद्धत मला नीट सांगाल? घरच्या माणसांनी करायची इतकी सोपी तपासणी आमच्या पत्रकात नाहीये."

सभा संपल्यावर बायकोभोवती सात-आठ डॉक्टर उभे होते. पोटाच्या डॉक्टरांनी तिथेच माझ्याकडून वार, तारीख, महिना वदवून घेतला, बाह्या वर करून रक्त तपासायला पाठवलं. सगळी जीवनसत्त्वं जागच्या जागी! "हे काही आजारातलं नाही," ते बायकोला म्हणाले. "हे मूळचंच आहे." तिने एक लांब श्वास सोडला. तोच, पंधराव्या शब्दानंतरचा. इतके महिने तो रोज माझ्या कानावर पडत होता आणि मी त्याचा अर्थ उलटा लावत होतो. कागद उलटा वाचता येणाऱ्या माणसाने!

घरी आल्यावर मी माझ्या आयुष्यातली पहिली स्वतःची दुरुस्ती लिहिली आणि फ्रिजवर चिकटवली:

'दुरुस्ती. या फ्रिजवरील यादी ही स्पर्धेची तयारी असल्याचा समज या घरातील एका सदस्याने करून घेतला होता. तो चुकीचा आहे. चमचा, पाव, घंटा, अंडं, खिडकी, बदक, लोणी, टोपी, पूल, सफरचंद, दिवा, शिडी, साबण, कात्री हे पंधरा शब्द म्हणजे कुणाचा तरी जीव टांगणीला लागणे होय, असे वाचावे. चुकीबद्दल मनापासून दिलगीर आहोत.'

बायकोने ती वाचली. डोळे पुसले. पुन्हा वाचली. मग तिचं बोट एकेका शब्दावरून सरकायला लागलं. शेवटच्या शब्दावर थांबलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "चौदाच आहेत. ढग कुठाय?"

मी बघितलं. मोजलं. पुन्हा मोजलं. तोवर तिचा हात फोनकडे गेला होता.

"थट्टा केली गं!" मी घाईघाईने म्हणालो. "मुद्दामच गाळला!"

तुम्हीही तसंच समजा. माझ्या हातून चूक जात नाही.